क्लबच्या दारात अडवलं, आता तिथेच सभासद व्हावं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. घडलं ते थोडक्यात असं: कंपनीतल्या वरिष्ठांनी तुम्हाला त्यांच्या खाजगी गोल्फ क्लबवर पाहुणा म्हणून बोलावलं. तुम्ही जीन्स आणि गोल गळ्याचा टी-शर्ट घालून गेलात आणि दारावरच्या माणसाने आत सोडलं नाही. शेवटी क्लबच्याच दुकानातून कॉलरचा शर्ट आणि पँट विकत घ्यावी लागली. पाचव्या होलवर (मैदानाच्या अठरा भागांतल्या पाचव्यावर) फोन वाजला तेव्हा एका वयस्कर सभासदांनी चारचौघांत झापलं. आणि आता तेच वरिष्ठ म्हणतायत, "तुझं नाव सुचवतो, फॉर्म भर." तुम्ही विचारताय की ही सगळी पैसेवाल्यांची मिजास आहे की यामागे काही अर्थ आहे, आणि अशा ठिकाणी सभासद व्हावं का. जाता जाता तुम्ही असंही लिहिलंय की तुमच्या पत्नी तुमच्यापेक्षा कितीतरी चांगलं खेळतात. ते वाक्य मी बाजूला काढून ठेवलंय, त्याच्याकडे येईन.

माझी ओळख एवढीच की दोन क्लबांत मिळून २१ वर्षं मी सेक्रेटरी होतो. दारावरचा माणूस ज्या परिपत्रकावर बोट ठेवून तुम्हाला अडवतो, त्याच्याखाली सही करणारा तो मी. त्यामुळे मला अगदी तटस्थ समजू नका. पण कुठला नियम कशासाठी लिहिला गेला आणि कुठला कोणाच्या हट्टापायी आला, हे मी बैठकीत बसून पाहिलंय.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. आत आल्यावर कसं वागायचं हा एक. आत कोणाला येऊ द्यायचं हा दुसरा. अपमान पहिल्यापायी झाला, म्हणून राग दोन्हींवर निघतोय. पण कडकपणा आणि बंदिस्तपणा या निराळ्या गोष्टी आहेत. स्कॉटलंडमधलं सेंट अँड्रूजचं ओल्ड कोर्स बघा. गोल्फच्या जगात याच्याइतकं मानाचं मैदान नाही, पण ते कुठल्याही क्लबच्या मालकीचं नाही. जमीन सार्वजनिक आहे, एक ट्रस्ट ती चालवतो. हँडिकॅपचा (खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा) दाखला असला की सोडतीत नाव घालून कोणीही खेळू शकतं. नियम मात्र कडक: रविवारी मैदानाला विश्रांती, वेळेच्या आत पोहोचला नाहीत तर तुमची जागा गेली. त्याच मैदानाच्या पहिल्या टीच्या, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेच्या, मागे दगडी क्लबहाउस उभं आहे, ते रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लबचं. १७५४ साली स्थापन झालेला हा क्लब. तिथे सभासद आणि त्यांचे पाहुणे यांखेरीज एरवी प्रवेश नाही, आणि बायकांना सभासद करून घ्यायला त्यांना २०१४ साल उजाडलं. म्हणजे एका बाजूला कडक पण सगळ्यांना मोकळं गवत, आणि पन्नास पावलांवर बंद दार.

आधी कडकपणाचं बघू.

नियमांचा मोठा हिस्सा गवत, जीव आणि वेळ सांभाळायला असतो, आणि त्यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. ग्रीनवरचं, म्हणजे भोकाभोवतीच्या जागेवरचं, गवत साधारण तीन मिलिमीटरवर कापलेलं असतं. त्यावर उंचावरून चेंडू पडला की खळगा होतो. तो लगेच कडेने आत ढकलून सपाट केला तर एक-दोन दिवसांत भरून येतो. तसाच सोडला तर दोन-तीन आठवडे तिथे पिवळा डाग दिसतो, आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाचा पट (भोकाकडे चेंडू ढकलायचा हलका फटका) त्यावरून उडतो. एका रविवारी संध्याकाळी मी आणि हेड माळी एकाच ग्रीनवर फिरून तसेच सोडलेले खळगे मोजत होतो. एकतीस झाल्यावर तो म्हणाला, "साहेब, मोजायचं थांबवा, मला रात्री जेवायचंय." तेव्हा बंकरमधल्या वाळूत दाताळं फिरवा, फटक्याने उखडलेला गवताचा तुकडा (डिव्हॉट) परत जागेवर दाबा, गाडी ग्रीनजवळ आणू नका, यात मिजास कसलीही नाही. चेंडूचं तसंच. हौशी खेळाडूच्या ड्रायव्हरवरूनही (लांब फटक्याच्या काठीवरून) तो ताशी २०० किलोमीटरच्या आसपास निघतो. पुढचा गट टप्प्याबाहेर जाईपर्यंत मारू नका, हे कोणी मोठ्याने सांगितलं तर वाईट वाटून घेऊ नये.

फोनबद्दल मी अर्धा तुमच्या बाजूने आहे. चेंडू थांबलेला, माणूस थांबलेला, सगळा खेळ त्या दीड सेकंदाच्या झुलत्या हालचालीवर. त्यात रिंग वाजली तर फटका गेलाच. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल क्लबवर मास्टर्स स्पर्धा बघायला येणाऱ्या प्रेक्षकांना फोन आत नेताच येत नाही. कोणाला घरी बोलायचंच असेल तर मैदानावर क्लबने फुकटचे दूरध्वनी ठेवलेत. तिथे प्रेक्षकांनी धावायलाही मनाई आहे. हे टोक झालं. पण त्या वयस्कर सभासदांनी तुम्हाला चारचौघांत झापलं, ते मात्र त्यांच्याच नियमात बसत नाही. जवळजवळ प्रत्येक क्लबात पाहुण्याशी बोलायचं ते यजमानामार्फत किंवा सेक्रेटरीमार्फत, असा संकेत असतो. पाहुण्याची चूक यजमानाच्या खात्यावर मांडली जाते. तुमच्या वरिष्ठांना बहुधा एक छोटं पत्र आलं असेल आणि त्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल.

वेळेचं गणित लोकांच्या लक्षात येत नाही, आणि पुढचा बंदिस्तपणाही त्यातूनच निघतो, म्हणून जरा नीट मांडतो. दर दहा मिनिटांनी चार जणांचा गट सोडला तर तासाला सहा गट, म्हणजे २४ माणसं. रविवारी सकाळी सहा ते दहा ही सगळ्यांना हवी असलेली वेळ. चार तासांत ९६ जण. क्लबाचे ६०० खेळणारे सभासद असले आणि त्यातल्या फक्त पाव लोकांना रविवार सकाळ हवी असली, तरी १५० होतात. ५४ जणांना नाही म्हणावं लागतं, आणि ते म्हणणारा मी. त्यात एखादा गट प्रत्येक होलला फक्त दोन मिनिटं जास्त घेत असेल तर १८ होलला ३६ मिनिटं झाली. ती त्याची एकट्याची जात नाहीत, त्याच्यामागे अडकलेल्या प्रत्येक गटाची जातात. हरवलेला चेंडू शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळायची, २०१९ च्या नव्या नियमावलीने ती तीनवर आणली. खेळाची गती सांभाळणारा मार्शल गाडीतून येऊन "जरा पाय उचला" म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर मागच्या टीवर खोळंबलेले आठ चेहरे असतात.

आता कपडे. इथे मी बचाव करणार नाही. कॉलरने गवत वाचत नाही आणि जीन्सने ग्रीन खराब होत नाही. १७४४ साली एडिनबराच्या गोल्फरांनी लिथ इथल्या स्पर्धेसाठी खेळाचे पहिले लेखी नियम केले. तेरा कलमं आहेत, कपड्यांवर एकही नाही. आजच्या नियमावलीतही नाही. कपड्यांचा नियम हा सगळा क्लबांचा स्वतःचा. मूळ सरळ आहे: डेनिम हा कामगाराचा पोशाख होता आणि क्लबाला आपण काम करायला आलेलो नाही हे दाखवायचं होतं. पुढे कारण विसरलं आणि नियम राहिला. २०२० साली इंग्लंडचा गोल्फर टिरेल हॅटन तिथल्याच वेंटवर्थ क्लबवर हुडी घालून खेळला आणि मोठी स्पर्धा जिंकला, तर जिंकण्यापेक्षा त्याच्या टोपीच्या अंगरख्यावरच जास्त बोललं गेलं.

एक गोष्ट सांगतो, अभिमानाची नाही. माझ्या पहिल्या क्लबात ज्युनियर स्पर्धेच्या बक्षीस समारंभाला एक गृहस्थ आले. गोल गळ्याचा स्वच्छ पांढरा टी-शर्ट, इस्त्रीची घडी दिसत होती. दारावरच्याने मला बोलावलं, मी नियम सांगितला, ते काही न बोलता मागे वळले आणि गाडीतळाजवळच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. अर्ध्या तासाने चौदा वर्षांखालच्या गटाचं बक्षीस घ्यायला एक मुलगा आला. चषक घेतला, फोटो संपायच्या आत बाहेर पळाला आणि त्याच झाडाखाली वडिलांना दाखवायला गेला. मी खिडकीतून बघत होतो. दुसऱ्या दिवशी मी माझ्या ऑफिसातल्या कपाटातल्या जुन्या फायली काढल्या आणि तिथे वेगवेगळ्या मापांचे सहा कॉलरचे शर्ट आणि चार पँटी धुऊन ठेवल्या. नियम बदलायला मला सात वर्षं लागली. कपाटाला एक दिवस. तुमच्या यजमान क्लबाने तुम्हाला दुकान दाखवलं, कपाट नाही, हे मला त्यांच्या नियमापेक्षा जास्त खटकलं.

तरीही एक बाजू मांडतो. लिहिलेला नियम कितीही बावळट असला तरी तो दिसतो, वाचता येतो, आणि तो सगळ्यांना लागतो की नाही हे तपासता येतं. दुसऱ्या क्लबात आमच्या दारावरच्या पोराने अध्यक्षांच्या जावयाला बर्म्युडावर अडवलं होतं. जावई तापले, नाव सांगितलं. अध्यक्ष स्वतः बाहेर आले, पोराकडे बघितलं, जावयाकडे बघितलं आणि म्हणाले, "घरी जाऊन बदलून ये, आम्ही थांबतो." त्या पोराला मी त्या महिन्यात बक्षीस दिलं. असा क्लब असेल तर त्याचा पोशाखाचा नियम मी सहन करीन. जिथे जावई तसाच आत जातो आणि तुम्ही दारात थांबता, तिथे प्रश्न कपड्यांचा राहिलेला नसतो.

आता दुसरा, अवघड भाग: आत कोण.

मर्यादा लागतेच, ते वरच्या गणितातून दिसतं. मैदान एकच, सकाळ एकच. म्हणून सभासदसंख्या ठरवलेली, म्हणून प्रतीक्षायादी, म्हणून पाहुण्यांवर बंधन. अमेरिकेत याला करकायद्याचीही जोड आहे. सभासदांच्या ना-नफा क्लबाला करसवलत टिकवायची असेल, तर बाहेरच्यांनी केलेल्या वापरातून येणारं उत्पन्न साधारण १५ टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं. त्यामुळे तिथले नावाजलेले क्लब सभासद सोबत असल्याशिवाय पाऊल टाकू देत नाहीत. ब्रिटन-आयर्लंडमधले जुने क्लब एरवी कितीही ताठ असोत, ठरलेल्या वारी पैसे घेऊन परक्या माणसालाही खेळू देतात. स्कॉटलंडमधल्या म्युअरफील्डला जेवणघरात कोट-टाय लागतो, पण पाहुण्यांचे वार ठरलेले आहेत. तेव्हा बंदिस्तपणा कुठे किती, हे देश, कायदा आणि क्लबाची मालकी यांवर अवलंबून आहे. सभासदांच्या मालकीचा क्लब आणि एखाद्या बिल्डरने किंवा कंपनीने घरं विकण्यासाठी काढलेला क्लब, यांत जमीन-अस्मानाचा फरक. दुसऱ्यात पैसे भरले की दार उघडतं, पण मालक बदलला की तुमचे हक्कही बदलू शकतात. तुमच्या वरिष्ठांचा क्लब यातला कोणता, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी सभासदांच्या मालकीचा धरून चालतोय, कारण सूचक आणि अनुमोदक तिथेच लागतात.

पण संख्येची मर्यादा आणि माणसांची निवड या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरी नेहमी पहिलीच्या आडून येते. जुन्या क्लबांत यासाठी एक लाकडी पेटी असायची. वरून हात घालायला भोक, आत दोन कप्पे. पांढरी गोळी टाकली तर होकार, काळी टाकली तर नकार. हात आत गेल्यावर कोणाला काही दिसत नाही. कित्येक ठिकाणी एक-दोन काळ्या गोळ्या निघाल्या की अर्ज फेटाळला, कारण विचारायचं नाही. माझ्या पहिल्या क्लबात ती पेटी शोभेला काचेच्या कपाटात होती, आणि नवे सभासद कौतुकाने तिच्याजवळ फोटो काढून घ्यायचे.

प्रत्यक्षात पेटीची गरजच पडत नाही. एका बैठकीचं सांगतो. टेबलावर एका डॉक्टरांचा अर्ज. हँडिकॅप उत्तम, सूचक-अनुमोदक दोन्ही जुने, नोटीस बोर्डवर नाव महिनाभर लागलेलं, एकही लेखी हरकत नाही. अध्यक्षांनी विचारलं, "कोणाचं काही?" कोणी बोललं नाही. मग एक सदस्य चष्मा पुसत म्हणाले, "माणूस चांगलाच आहे. पण जरा थांबूया." का, हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं आणि कोणालाच ते उच्चारायचं नव्हतं. मी इतिवृत्तात लिहिलं, "अर्ज पुढील बैठकीपर्यंत प्रलंबित." असं मी त्या एका नावासमोर सहा वर्षं लिहीत गेलो. त्या काळात त्यांच्या मागचे निदान तीस जण आत आले. डॉक्टर दर वर्षी मला नम्रपणे फोन करून आपला क्रमांक विचारायचे आणि मी "पुढच्या बैठकीत बघू" म्हणायचो. नकाराचं पत्र त्यांना कधीच गेलं नाही. म्हणजे भांडायला त्यांच्या हातात कागदच नव्हता.

म्हणून तुम्हाला सांगतो की कपड्यांच्या पाटीला घाबरू नका. माणसं ज्याने बाहेर ठेवली जातात ते कुठल्याही पाटीवर नसतं.

बाहेरून धक्का बसल्याशिवाय हे क्लब क्वचितच बदलले, आणि तो धक्का कुठून बसला हे बघण्यासारखं आहे. १९९० साली अमेरिकेत अलाबामातल्या शोल क्रीक क्लबवर पीजीए चॅम्पियनशिप ही मोठी स्पर्धा होणार होती. कृष्णवर्णीयांना सभासद करून घ्यायला आमच्यावर कोणी दबाव आणू शकत नाही, अशा अर्थाचं क्लबाचे संस्थापक वर्तमानपत्राशी बोलून गेले. जाहिरातदार मागे सरले. काही आठवड्यांत क्लबाने एका कृष्णवर्णीय उद्योजकाला मानद सभासद केलं, आणि स्पर्धा भरवायची तर भेदभाव चालणार नाही अशी अट पुढे आली. त्याच वर्षी ऑगस्टानेही पहिला कृष्णवर्णीय सभासद घेतला. तिथे १९८२ पर्यंत मास्टर्सच्या खेळाडूंना क्लबाचेच कॅडी (बॅग उचलणारे मदतनीस) घ्यावे लागत आणि ते सगळे कृष्णवर्णीय होते. म्हणजे बॅग उचलून आत यायला कोणाची हरकत नव्हती. कॅलिफोर्नियातल्या सायप्रस पॉइंट क्लबने उलट केलं, अट मानण्यापेक्षा स्पर्धाच सोडून दिली. ज्याला बाहेरच्या जगाकडून काही नकोच आहे, त्याला हलवता येत नाही.

बायकांच्या बाबतीतही तेच. ऑगस्टाने २०१२ मध्ये पहिल्या दोघींना घेतलं, त्यातल्या एक अमेरिकेच्या माजी परराष्ट्रमंत्री काँडोलीझा राइस. त्याआधी दहा वर्षं यावरून वाद पेटलेला होता. प्रायोजकांवर दबाव नको म्हणून क्लबाने २००३ आणि २००४ ची मास्टर्स टीव्हीवर जाहिरातींशिवाय दाखवली, पण दार उघडलं नाही. जपानमध्ये कासुमिगासेकी क्लबवर ऑलिंपिकचं गोल्फ होणार होतं, तेव्हा २०१७ मध्ये त्यांनी बायकांना पूर्ण सभासदत्व दिलं. आयर्लंडमधल्या पोर्टमार्नॉक क्लबला २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पुरुषांपुरता क्लब ठेवणं कायद्यात बसतं. जिंकलेला क्लब, आणि २०२१ मध्ये सभासदांनी स्वतःच मतदान करून नियम बदलला.

म्युअरफील्ड मला सगळ्यात शिकवणारं वाटतं. २०१६ च्या मतदानात ६४ टक्के सभासद बायकांच्या बाजूने होते आणि तरी ठराव पडला, कारण क्लबाच्या घटनेप्रमाणे दोन तृतीयांश मतं हवी होती. ब्रिटनची मोठी ओपन स्पर्धा आळीपाळीने जिथे भरते त्या मैदानांच्या यादीतून त्यांचं नाव तत्काळ काढलं गेलं. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा मतदान झालं, तेव्हा ८० टक्के. पण पहिल्या बायका प्रत्यक्ष सभासद झाल्या २०१९ मध्ये. ठराव मंजूर होणं आणि माणूस आत येणं यांत दोन वर्षं गेली, कारण प्रतीक्षायादी मध्ये उभी होती. २०२२ मध्ये तिथे महिलांची ओपन झाली. (गोल्फ हा शब्द 'फक्त पुरुषांसाठी, बायकांना बंदी' अशा इंग्रजी वाक्याच्या आद्याक्षरांतून आला, ही लोणकढी तुम्हाला क्लबच्या बारमध्ये कोणीतरी सांगेलच. १४५७ सालच्या स्कॉटलंडच्या कायद्यातही हा खेळ याच नावाने आहे, आणि तिथे बंदी सगळ्यांवरच होती, कारण लोक तिरंदाजीचा सराव सोडून हेच खेळत बसायचे.)

मग तुम्ही काय करावं?

पाहुणा म्हणून पुन्हा बोलावलं तर जा. जाण्याआधी यजमानाला तीन गोष्टी विचारा: कपडे काय, फोन कुठे ठेवायचा, आणि पैसे कसे द्यायचे. बऱ्याच क्लबांत पाहुण्याकडून रोख चालत नाही, सगळं सभासदाच्या खात्यावर पडतं, आणि तुम्ही पाकीट काढून उभे राहिलात की यजमानच कानकोंडा होतो. टी-टाइमच्या, म्हणजे खेळ सुरू करायच्या ठरलेल्या वेळेच्या, अर्धा तास आधी पोहोचा. बूट गाडीतळावर बदलायचे की लॉकर रूममध्ये, हे क्लबागणिक बदलतं, ते विचारून घ्या. दारावरच्या माणसाशी वाद घालू नका. त्याला नियम वाकवायचा अधिकार नाही, वाकवला तर नोकरी जाते, आणि तो स्वतः बहुधा मागच्या दारानेच आत येतो. तक्रार असेल तर यजमानामार्फत सेक्रेटरीला लेखी द्या. मी अशी पत्रं वाचायचो. तोंडी तक्रारी विसरायचो.

सभासदत्वाचं सांगायचं तर फॉर्म भरण्याआधी क्लबाची घटना मागा. छापील प्रत. "मिळेल नंतर" असं उत्तर आलं तर मी तिथेच थांबेन. घटनेत बघा की अर्ज कोण ठरवतं, किती विरोधी मतांनी पडतो, आणि पडला तर लेखी कळवतात का. प्रतीक्षायादी क्रमांकाने चालते का, आणि तो क्रमांक तुम्हाला बघायला मिळतो का. ज्या यादीत क्रमांक नाही ती यादी नसते, ते डॉक्टरांचं प्रकरण असतं. पैशाच्या बाजूला प्रवेशशुल्क सगळे विचारतात. मैदान दुरुस्तीसाठी किंवा नव्या क्लबहाउससाठी सभासदांकडून जादा वर्गणी बसवायचा अधिकार कोणाला आहे आणि त्याला कमाल मर्यादा आहे का, हे कोणी विचारत नाही. पहिल्याच वर्षी ती बसलेली मी पाहिली आहे, आणि नवा सभासद माझ्यासमोर पावती धरून नुसता उभा होता. सोडायचं ठरवलं तर काय परत मिळतं, तेही आत्ताच बघा. आणखी एक, जरा नाजूक: तुमचे सूचक तुमचे वरिष्ठ आहेत. उद्या नोकरी बदललीत किंवा त्यांचं-तुमचं बिनसलं तर क्लबात दर रविवारी तोंड समोर येणार. अनुमोदक तरी कंपनीबाहेरचा शोधा.

आणि आता तुमच्या पत्नी. कितीतरी क्लबांत अर्ज नवऱ्याच्या नावाने होतो आणि बायको 'जोडीदार सभासद' म्हणून आपोआप आत येते. वर्गणी कमी, म्हणून सगळे खूश. बारीक अक्षरात बघा. या वर्गाला सर्वसाधारण सभेत मत असतं का? समितीवर उभं राहता येतं का? नवरा गेला किंवा घटस्फोट झाला तर सभासदत्व कोणाचं? आमच्याकडे एका बाईंना नवऱ्याच्या तेराव्यानंतर तीन आठवड्यांनी नवा अर्ज भरायचं पत्र गेलं होतं. त्या अठरा वर्षं तिथे खेळत होत्या. पत्रावर सही माझीच होती. आणि सकाळच्या वेळा: आठवडाभर नोकरी करणाऱ्यांना शनिवार-रविवार सकाळ मिळावी, या नावाखाली कित्येक ठिकाणी त्या वेळा पूर्ण सभासदांसाठी राखून ठेवलेल्या असतात, आणि पूर्ण सभासद म्हणजे कोण हे यादी बघून कळतं. आठवडाभर नोकरी तुमच्या पत्नीही करत असतील तरी त्यांना मंगळवार दुपार मिळते. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्याने फक्त पुरुषांचा किंवा फक्त बायकांचा क्लब चालतो, पण दोघांना घेतल्यावर एकाला कमी हक्क देता येत नाही. सगळीकडे असा कायदा नाही.

त्या चांगलं खेळतात तर अर्ज त्यांच्या नावाने करा, तुम्ही जोडीदार व्हा. घटनेत तसं करायला मनाई नसली, तर वरिष्ठांना सांगून बघा आणि त्यांचा चेहरा पाहा. ते हसून "का नाही" म्हणाले आणि सेक्रेटरीनेही फॉर्म पुढे सरकवला, तर भरा, कॉलरचे चार शर्ट घ्या आणि खेळायला लागा. ते "जरा थांबूया" म्हणाले, तर तुम्हाला क्लबातल्या बैठकीचं इतिवृत्त आधीच वाचायला मिळालं असं समजा.